युद्धस्मारकाची साफसफाई दोन दिवसांत होत नाही

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

धारातीर्थी पडलेल्या जवानांच्या स्मारकांना पाणी लागतं ते स्मृतिदिनाच्या दोन दिवस आधी. या घाईतच नावं पुसली जातात, म्हणून हे पत्र.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर ॲसिड ओतलं की फेस येतो, दगड पांढराशुभ्र दिसतो आणि सगळे खूश होतात. पण त्या फेसातून दगडच विरघळून गेलेला असतो. उरलेला भाग खरखरीत होतो, धूळ आणि शेवाळ लवकर धरतो, की पुढच्या वर्षी पुन्हा ॲसिड. कोरीव अक्षरांत आधी जातो अनुस्वार, कारण तो सर्वांत लहान आणि उथळ. ‘शंकर’चा ‘शकर’ होतो. मग रफार, मग उकार. आईला मुलाचं नाव बोटाने चाचपून शोधावं लागणं, याहून मोठी उपेक्षा नाही.

स्वच्छ पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश बहुतेक ठिकाणी पुरतो. आधी मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात वीतभर जागेवर करून पाहावं. दगड खालून वर भिजवत जावा; नाहीतर वरचं मळकं पाणी कोरड्या दगडावर ओघळतं आणि डाग राहतात. तारेचा ब्रश नकोच, त्याचे कण दगडात रुतून गंजतात. ब्राँझच्या पाटीला लोखंडी स्क्रू लावले की तांबडे ओघळ येतात, तेही बदलावेत.

पुसट नाव लगेच पुन्हा कोरू नये. रात्री बाजूने तिरपा टॉर्च मारून फोटो काढले की उथळ खाचाही दिसतात. ते वाचन रेजिमेंटच्या नोंदींशी ताडावं, मगच छिन्नी उचलावी.

सांधे सिमेंटने भरू नयेत. सिमेंट दगडातली ओल अडवतं. मग ती दगडातूनच बाहेर पडते, तिच्यातले क्षार पृष्ठभागाशी साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. एक भाग चुना, तीन भाग वाळू घ्यावी. आपल्या निविदेत ‘साफसफाई व रंगरंगोटी’ एवढंच न लिहिता हे सगळं कलमवार यावं, आणि कामाचा आदेश स्मृतिदिनाच्या महिनाभर तरी आधी निघावा. चुन्याचे सांधे कित्येक दिवस ओल्या पोत्याखाली ठेवावे लागतात.

आपले नम्र,
दगडी स्मारकांची देखभाल करणारे कारागीर