आरसी एका जीपची, गाडी दुसरीच

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या कोल्हापुरात उघड्या जीपचं वेड सुरू होतं. मोबाईल उघडला की गगनबावड्याचं नाहीतर दाजीपूरचं धुकं, त्यात मोठ्या टायरची चकाचक जीप आणि खाली लिहिलेलं "पेपर क्लिअर, री-पासिंग झालेलं, नाद खुळा कंडिशन". पोरं ते बघतात, घरात विषय काढतात, कुणी ऊसबिलाचे पैसे घालतं, कुणी सोसायटीचं कर्ज काढतं आणि आठवड्याभरात जीप दारात येते. जीपच्या हौसेला माझा विरोध नाही, मलाही त्या गाड्या आवडतात. पण इन्शुरन्स क्लेमच्या सर्व्हेचं काम करताना या गाड्यांची जी भानगड बघायला मिळते ती लोकांपर्यंत पोचतच नाही, म्हणून हे पत्र, जमलं तर जरा सविस्तर छापा.

यातल्या बऱ्याच जीप कंपनीतून बाहेर पडलेल्या नसतातच. त्या बांधलेल्या असतात. कुणाची तरी १९८०-८५ ची जीप सडून भंगारात जाते, पण आरसी बुक, म्हणजे नोंदणीचा कागद, कपाटात राहतं. एजंट ते आरसी बुक विकत घेतो, बरोबर जमलं तर चेसिसचा, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा, नंबर असलेला पट्टीचा तुकडा पण कापून घेतो. मग फ्रेम कुठली तरी, बॉडी टब बाहेरून मागवलेला, इंजिन कुठल्यातरी अपघाताच्या नव्या गाडीचं, गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा, असं सगळं जोडून जीप उभी राहते आणि तिला त्या मेलेल्या जीपचा नंबर लावतात. हरियाणातलं मंडी डबवाली अशा जीप बांधण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे, आणि आपल्याकडेही हात कमी नाहीत, यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींचं हे गाव, उद्यमनगरात सांगाल तो पार्ट घडवून देणारे कारागीर आजही आहेत. त्यामुळं गाडी बघायला एकदम फर्स्ट क्लास असते आणि घेणारा फसतो तो इथंच, कारण काम चांगलं म्हणजे कागद पण चांगले असणार असं आपण धरून चालतो.

एक क्लेम सांगतो, नावं घेत नाही. करवीर तालुक्यातला पंचविशीतला मुलगा, जीप घेऊन मित्रांबरोबर घाटात गेला, वळणावर गाडी घसरून कठड्याला धडकली. नशिबानं कुणाला फार लागलं नाही. पॉलिसी चालू होती, हप्ता भरलेला होता, आरसी त्याच्याच नावावर होती, मुलगा निवांत होता. मी गाडी बघायला गेलो तेव्हा पहिल्यांदा टेप काढून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजलं, कारण आरसीवर व्हीलबेस छापलेला असतो आणि तो बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. जुन्या विलीज जीपचा व्हीलबेस ८० इंच, आरसीप्रमाणं ही गाडी त्याच घराण्यातली, आणि माप मात्र चांगलं वीतभर जास्त भरलं. मग फ्रेमवरचा काळा रंग एमरी पेपरनं घासला, त्याखाली नंबर दिसला पण नंबराच्या चारही बाजूंनी वेल्डिंगची कड, म्हणजे अंगरख्याला ठिगळ लावावं तसा तो तुकडा फ्रेमला लावलेला. आकडे जुने, खरे, गंज धरलेले, आणि आजूबाजूचा पत्रा कोरा करकरीत. इंजिन टर्बो डिझेल, आरसीवर पेट्रोल. त्या मुलाला मी तो भाग दाखवला तर तो म्हणाला, साहेब मला काय माहित, आरटीओनं नावावर करून दिलीय की.

इथं लोकांचा मोठा गैरसमज आहे. गाडी नावावर झाली म्हणजे सरकारनं ती तपासून पास केली असं नाही. फॉर्म २९, फॉर्म ३० भरले, फी भरली, मागचा बोजा नाही, टॅक्स भरलेला आहे, की ट्रान्सफर होते, तो व्यवहार कागदांचा असतो. एचएसआरपीचं, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं, पण तसंच, बुक करताना चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकायला लागतात पण ते आपण आरसीत बघून टाकतो, गाडीखाली वाकून कोण बघतंय. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर हिरवं ॲक्टिव्ह दिसलं म्हणून पण हुरळून जाऊ नका. ॲप फक्त एवढंच सांगतं की या नंबरची एक गाडी रेकॉर्डवर आहे. ती गाडी म्हणजे तुमच्यासमोर उभी असलेलीच गाडी, हे ॲपला कसं कळणार?

आणि कायदा याबाबत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सीएनजीचं मान्यताप्राप्त किट बसवलं, दिव्यांग माणसासाठी गाडीत रीतसर परवानगीनं बदल केला, इंजिन खराब झालं म्हणून त्याच प्रकारचं दुसरं परवानगी घेऊन टाकलं, याला वाट ठेवलेली आहे, तेव्हा कायदा सरसकट आडवा येतो असं नाही. पण जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं पण हेच सांगितलं की मूळ रचनेला धक्का लावता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ आलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागं, हे नीट वाचा, आणि बांधलेल्या जीपमध्ये बदल मोजायला बसलं तर संपणार नाहीत. त्याहून वाईट कलम ५५, नोंदणी खोट्या कागदावर किंवा खोट्या माहितीवर झालेली असेल किंवा गाडीवरचा चेसिस-इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल तर आरटीओ मालकाचं म्हणणं ऐकून घेऊन नोंदणीच रद्द करू शकतं. तुम्ही पाचवे मालक असा नाहीतर सातवे, खोटं पहिल्यानं केलं असलं तरी आरसी रद्द होणार ती तुमच्या हातातली. आणि जोडलेल्या पार्टमधला एखादा चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलीस आधी तुमच्याच दारात येणार, तुम्ही कुणाकडून घेतली ते सांगत बसायचं आणि एजंटचा फोन तोवर बंद झालेला असतो.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीनं ज्याचं नुकसान झालं त्या तिसऱ्या माणसाची. स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला तर तुमचे लाख-दोन लाख गेले, दुःख आहे पण माणूस सावरतो. पण समजा तीच जीप रंकाळ्याजवळ कुणा मोटरसायकलवाल्याला धडकली आणि घरातला कमावता माणूस गेला. केस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते, नुकसानभरपाई मयताचं वय आणि उत्पन्न धरून ठरते, ती काही लाखात थांबत नाही, पन्नास लाखाच्या वर पण जाऊ शकते. पॉलिसीच्या अटी मोडल्या असं सिद्ध झालं तर बऱ्याच वेळा कोर्ट विमा कंपनीला सांगतं की आधी पीडिताला पैसे द्या आणि नंतर मालकाकडून वसूल करा. म्हणजे मयताच्या घरच्यांना पैसे मिळाले हे चांगलंच झालं, पण मागून कंपनी तुमच्या जमिनीवर, घरावर वसुली आणणार. हौसेची जीप आणि स्वतःच्या नावची दोन एकर ऊसाची जमीन, हा सौदा कुणी डोळे उघडे ठेवून करेल का? नोंदणीबाबत कोर्ट किती कडक आहे ते बघायचं तर राजस्थानातल्या एका बोलेरोचं प्रकरण बघा, गाडी नवीन, खरीखुरी, फक्त तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली होती आणि गाडी चोरीला गेली, सप्टेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं क्लेम नाकारणाऱ्या विमा कंपनीचं म्हणणं मान्य केलं. जिथं अस्सल गाडीला मुदत संपली म्हणून ही वेळ येते तिथं ठिगळाच्या चेसिसला कोण विचारणार.

काही एजंट हल्ली नवीन सांगतात, की गाडी १९७० ची आहे, पन्नास वर्षं झाली, व्हिंटेजमध्ये टाकू, व्हीए सिरीजचा नंबर मिळतो. नियम आहे, २०२१ मध्ये आला, पण त्यात चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल झालेला चालत नाही, आणि नोंदणी झाली तरी गाडी रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कामालाच रस्त्यावर आणायची असते, रोज बाजारात न्यायला नाही. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा आपण हात जोडून बघतो, कारण ती तीच गाडी आहे, तिचा इतिहास सगळ्या गावाला माहीत आहे. कालच्या पत्र्याला जुना नंबर लावून व्हिंटेज होत नाही.

इंग्लंडमध्ये घरी गाडी बांधायचा रीतसर छंद आहे, किट कार म्हणतात, पण तिथं आधी गाडीची आयव्हीए नावाची तपासणी होते, आणि मूळ कुठलं ते धड सांगता येत नसेल तर क्यू अक्षराचा नंबर मिळतो, म्हणजे प्लेट बघूनच घेणाऱ्याला कळतं. तिथं पण लोक जुन्या गाडीच्या कागदावर किट कार चालवायला बघतात आणि घेणारा अडकतो, माणूस सगळीकडं सारखाच. फरक एवढाच की तिथं खरं बोलणाऱ्याला एक वाट आहे. आपल्याकडं नवीन मॉडेलला पुण्याच्या एआरएआय सारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून मान्यता घ्यायला लागते, ते कंपनीला परवडतं, एकट्या कारागिराला नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली होती, देशभर कौतुक झालं, आनंद महिंद्रांनी पण कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील हे पण त्यांनी सांगितलं आणि बदल्यात त्याला बोलेरो दिली. त्या कारागिरानं कुणाचा नंबर चोरून लावला नव्हता, म्हणून त्याचा मान राहिला. आपल्या कारागिरांसाठी अशी एखादी कायदेशीर वाट सरकारनं काढावी असं मला मनापासून वाटतं, पण ती निघेपर्यंत मेलेल्या गाडीच्या नावानं जिवंत गाडी विकणं ही फसवणूकच आहे.

घेणाऱ्यांना एवढंच, की इसार द्यायच्या आधी गाडी लिफ्टवर घ्या, नंबराभोवतीचा रंग घासून बघा, वेल्डिंगची कड, ग्राइंडरचे ओरखडे, वेड्यावाकड्या उंचीचे आकडे दिसले तर तिथनंच मागं फिरा. पेन्सिलनं चेसिस प्रिंट काढून आरसीशी एकेक आकडा ताडा. इंधन, सिलिंडर, सीट, व्हीलबेस, बॉडीचा प्रकार सगळं आरसीवर असतं, ते वाचायला पाच मिनिटं लागत नाहीत. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद सरकारच्या ऑनलाइन वाहन पोर्टलवर कधी आणि कशी चढली ते विचारा. विकणारा म्हणाला की नावावर नको, नोटरी करून देतो आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या देतो, तर सरळ नाही म्हणा. आणि विमा काढताना गाडी प्रत्यक्ष आहे तशी लिहून द्या, एजंटला आरसीवरून भर म्हणू नका.

पण खरं सांगायचं तर हे सगळं सुरू होतं ते आपल्याच घरातल्या कपाटातून. गोठ्यामागं सडलेली जीप किलोवर विकली जाते आणि मग कुणीतरी येऊन म्हणतं, काका आरसी बुक द्या, वर दहा हजार देतो. काका देतात, कागदाला कशाला जपायचं म्हणून. काका, तो नंबर अजून तुमच्या नावावर आहे. गाडी मोडीत निघाली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची हे कलम ५५ मध्येच लिहिलंय. आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल, मधे कितीही हात बदललेले असोत. त्या नंबरच्या जीपनं उद्या कुणाला उडवलं तर नोटीस पन्हाळा तालुक्यातल्या तुमच्या घरी येईल. दहा हजारासाठी हे करू नका, मान्यताप्राप्त स्क्रॅप सेंटरला गाडी द्या, दाखला घ्या, नोंदणी रद्द करून घ्या.

आपल्या पेपरमार्फत कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांना विनंती आहे की आठवड्यातला एक दिवस ठरवून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची खरेदीच्या आधी चेसिस-इंजिन पडताळणी करून लेखी दाखला द्यावा, त्याला फी लावली तरी लोक आनंदानं भरतील. पंधरा वर्षांवरच्या जीपचं ट्रान्सफर गाडी समोर आणल्याशिवाय करू नये. आणि ज्यांच्याकडं अशी गाडी आधीच आहे, जे स्वतः फसलेत, त्यांना पुढं येऊन माहिती देता येईल अशी काही सोय करावी, नाहीतर ती माणसं भीतीनं गप्प बसतात आणि तीच गाडी पुढच्या पोराच्या गळ्यात मारतात.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर