निवृत्तीनंतरही सॉक-फोरसाठी फोन उचलणाऱ्या मॅडमना

मॅडम, सादर नमस्कार.

हे आभार चारचौघांत मानतोय, कारण फोनवर मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता.

मेनफ्रेमवरचं, असेम्ब्लर भाषेतलं ते मॉड्यूल वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होतं. ३१ बिटांच्या पत्त्यांच्या मोडसाठी पुन्हा लिंक झालं आणि रात्रीचा बॅच जॉब सॉक-फोरने (एस०सी४, म्हणजे मेमरीतल्या भलत्या पत्त्याला हात लावल्यामुळे प्रोग्रॅम बंद पडणं) आडवा झाला. तुमचा पहिला प्रश्न होता, "रीझन कोड काय?" (पडण्याचं कारण सांगणारा आकडा.) ११. "म्हणजे ४ नाही. स्टोरेज की, प्रोटेक्शन वगैरे परवानगीच्या भानगडी विसर. त्या पत्त्यामागे मेमरीचं पानच नाहीये. आणि पीएसडब्ल्यूमधून, म्हणजे प्रोग्रॅम कुठे पोहोचलाय ते सांगणाऱ्या नोंदीतून, इन्स्ट्रक्शनची लांबी वजा करू नकोस. रीझन ४ असेल तेव्हा ती वजाबाकी करायची. इथे पीएसडब्ल्यू पडलेल्या इन्स्ट्रक्शनवरच उभा असतो." हा फरक कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कानावर आला नव्हता.

मग रजिस्टर वाचायला लावलीत. पत्ता धरणाऱ्या बेस रजिस्टरमध्ये हेक्साडेसिमल ४००१२ए३८. "सुरुवातीचे ४०, म्हणजे वरची बाइट, झाकून वाच." झाकले, तर उरलेला पत्ता अगदी सरळ! १९६४च्या सिस्टिम/३६० पासून पत्ता २४ बिटांचा, १६ मेगाबाइटपर्यंतचा. शब्दातली सर्वांत वरची बाइट हार्डवेअर बघतच नसे, म्हणून जुन्या काटकसरी मंडळींनी तिथे झेंडे (फ्लॅग, म्हणजे हो-नाहीच्या खुणा) ठेवले. ३१ बिटांत तोच झेंडा पत्त्याचा भाग झाला आणि प्रोग्रॅम एक गिगाबाइटच्या पलीकडे भटकला. पडला ती ओळ निर्दोष होती. रजिस्टर भरलं गेलं ते कितीतरी आधी, दुसऱ्याच सबरूटीनमध्ये. झेंड्याला आम्ही स्वतंत्र बाइट दिली, पत्ता वापरण्याआधी वरची बाइट पुसली.

तुम्ही उत्तर थेट सांगू शकला असतात. पण डंप (पडताना मेमरी आणि रजिस्टरांत काय होतं त्याची छापील नोंद) मला वाचायला लावलात, आणि मी चाचपडत असताना गप्प राहिलात. माझ्या मते हेच जास्त अवघड.

तुमचं आणखी एक वाक्य आम्ही येताजाता वापरतो: "सॉक-फोर आला तर नशीब समज." पॉइंटर (पत्ता साठवणारं चल) शून्य असेल आणि प्रोग्रॅम तिथून नुसता वाचत असेल, तर झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काहीच पडत नाही. तिथे सिस्टिमचा स्वतःचा पीएसए (तिच्या नोंदींचा राखीव भाग) असतो, वाचायला मोकळा. लिहायला गेलं तरच अडवतो. वाचणारा बिचारा भलतीच आकडेवारी घेऊन पुढे जातो आणि रिपोर्ट चुकलाय हे महिनाअखेरीला कळतं.

टीममध्ये आता नवी मुलं आली आहेत. त्यांना तुमचा नंबर अजून दिलेला नाही. पण पुढच्या रिलीजची खात्री देत नाही.

तुमचा विद्यार्थी