'आधी'च्या फोटोतली बाई

माननीय संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला, एका ताईंनी वजन कसं घटवलं ते सांगणारा '९० दिवसांत १५ किलो' हा लेख वाचला. काल दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहिते आहे. लेखातल्या ताईंवर माझा राग नाही, त्यांनी कष्ट घेतले आहेत. राग आहे तो शेजारीशेजारी छापलेल्या त्या दोन फोटोंवर, 'आधी' आणि 'नंतर'.

चार वर्षांपूर्वी असे दोन फोटो माझेही निघाले होते. कीटो, म्हणजे पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करून स्निग्ध पदार्थांवर भर देणारा आहार, करणाऱ्या बायकांचा आमचा फोनवर गट होता. भात, भाकरी, पोळी, डाळ, केळं सगळं बंद. पनीर, अंडी, तूप, पालक एवढंच चालू. रोज सकाळी सातच्या आत वजनकाट्याचा फोटो टाकायचा. आकडा उतरला की टाळ्या, चढला की सगळ्यांसमोर विचारणा, "काल काय खाल्लंत?" पहिल्याच आठवड्यात माझे ३ किलो गेले आणि मी हरखून गेले. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते, तिच्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी निघून जातं, ते वजन बहुतेक पाण्याचंच असतं, हे मला खूप उशिरा कळलं.

साडेतीन महिन्यांत ६८ वरून ५७. मग गट चालवणाऱ्या बाईंनी 'आधी'चा फोटो मागितला. मी भाचीच्या बारशातला पाठवला. बहिणीला लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली ती मुलगी. फोटोत ती माझ्या मांडीवर आहे आणि मी तोंडभर हसते आहे. त्यांनी त्यातून बाळ कापलं, बहीण कापली आणि उरलेल्या माझ्या पोटाभोवती लाल गोल काढला. तो फोटो गटागटांतून फिरला. संपादक महोदय, मला तेव्हा त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. मीच तो रोज उघडून बघायचे आणि त्या बाईची मला किळस यायची.

६८ किलोंची होते तेव्हा मी सकाळी कुंकू लावायला आरशात बघायची, संपलं. ५७ ची झाल्यावर दुकानाची काच दिसली की बघ, एसटीच्या खिडकीत बघ, मनगटाला अंगठा आणि बोट पुरतंय का बघ. आणि दर वेळी मी जाडच दिसायची. भेटेल तो म्हणायचा, "किती छान बारीक झालीस!" त्या रात्री मी जेवण आणखी कमी करायची. ब्लाउज आत घ्यायला दिले तेव्हा शिवणाऱ्या काकूंनी विचारलं, "आत माया ठेवू का गं, पुढेमागे लागली तर?" मी म्हटलं, कापून टाका.

पुढे मूठमूठ केस गळायला लागले. दोन महिने पाळी आली नाही. हिमोग्लोबिन ९ वर आलं. रात्री एक एक वाजेपर्यंत मी फोनवर पुरणपोळ्या नि बिर्याण्या करतानाचे व्हिडिओ बघत बसायची. डॉक्टरबाईंना हे सांगताना मी रडले, तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला १९४४-४५ चा प्रयोग सांगितला. ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तर त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. माझं मन दुबळं नव्हतं, शरीर उपाशी होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.

वर्षभरात वजन ७० झालं. ते ब्लाउज आता उसवूनही होत नाहीत. माझा 'नंतर'चा फोटो मात्र अजून जाहिरातीत फिरतो. काढा म्हणून तीनदा विनवलं, उत्तर नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची आहाराबाबतची नवी मार्गदर्शक तत्त्वं २०२४ मध्ये आली. आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरवणं सुरक्षित, असं ही संस्था सांगते. त्या हिशेबाने ९० दिवसांत साडेसहा किलोही होत नाहीत. तुम्ही १५ चा मथळा केलात. देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि त्यांच्याच हातात ही पुरवणी पडते.

आणखी एक. त्याच लेखाखाली वजन घटवणाऱ्या केंद्राची जाहिरात होती, त्याच रंगात, त्याच अक्षरांत. लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली, ते मला दोनदा वाचून कळलं. 'जाहिरात' हा शब्द ठळक छापायला किती जागा लागते?

लेखाचा दुसरा भाग पुढच्या रविवारी आहे म्हणे. त्यात त्या ताईंचं हिमोग्लोबिन आणि पाळी यांबद्दल त्यांना विचारा, त्यांची हरकत नसेल तर छापा. आणि त्यांचा 'आधी'चा फोटो कोणत्या दिवशीचा आहे, त्या दिवशी घरात काय होतं, तेही विचारा.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली