गुरुजी, तुमच्यामुळे समुद्र आमच्या आवाक्यात आला

आदरणीय गुरुजी,
शिरसाष्टांग नमस्कार.

समोर आभार मानायला आलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत. लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या कितीतरी मुलींना शेजारी असा एक माणूस हवा असतो. मला तो मिळाला, हे सगळ्यांना कळावं असं मनापासून वाटतं.

आमच्या घरात समुद्र अंतरापेक्षा पैशानं लांब होता. कोकण म्हणजे गाडी करून जायचं, रिसॉर्टला उतरायचं, ते आपलं काम नव्हे, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी आणि माझी मैत्रीण शिकवण्या घेऊन थोडे पैसे साठवत होतो, पण त्यात नक्की कुठवर जाता येईल हे सांगणारं कुणी नव्हतं. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेवर दापोली तालुक्यात आयुष्याची उमेदीची वर्षं काढलीत. आपल्याकडे वर्षाला जेमतेम साताठशे मिलीमीटर पाऊस, तिथे तीन हजारांच्या वर. पहिल्या पावसाळ्यात अंथरूणसुद्धा वाळत नव्हतं, असं काकू अजून सांगतात. आपल्याकडचे कितीतरी गुरुजी तिकडे नोकरी करतात, बदलीची वाट बघतात आणि बदली झाली की कोकण मागे टाकून येतात. तुम्ही ते सोबत घेऊन आलात.

सगळ्यात आधी आभार बाबांशी बोलल्याबद्दल. "दोघी पोरीच कशा जातील?" या प्रश्नावर आमचं सगळं अडलं होतं. तुम्ही संध्याकाळी घरी आलात, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "बापू, जाऊ द्या की लेकरांना. प्रत्येक मुक्कामाला माझ्या ओळखीचं घर हाय. रोज रात्री तिथूनच फोन येईल तुम्हाला." बाबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच माझी जुनी सॅक शिवायला देऊन आले.

मग तुम्ही जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर किनारा काढून दिलात. उत्तरेला अलिबाग, दक्षिणेला मालवण आणि मध्ये आत घुसलेल्या खाड्या, प्रत्येक खाडीवर निळ्या पेनानं एक छोटी होडी. तो कागद म्हणजे आमचा सगळा प्रवास होता. गाडीरस्त्यानं जाणाऱ्याला खाडी आली की आत वळसा घालावा लागतो. दाभोळहून समोरच्या तीरावर जायला चिपळूणवरून फिरून यायचं म्हटलं तर अर्धा दिवस जातो. फेरीबोटीत पायी माणसाचं तिकीट अगदी किरकोळ, आणि काही मिनिटांत धोपावे. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड: हा क्रम मला आता पाढ्यासारखा पाठ आहे. एसटीनं धक्क्यापर्यंत, बोटीनं पलीकडे, पुन्हा एसटी. २०२३पासून महिलांना एसटीचं तिकीट निम्मं झालंय. तरी तुम्ही 'आवडेल तेथे कोठेही प्रवास'च्या पासाचा हिशेबही समोर मांडलात. आमचे टप्पे लहान आहेत, रोज थोडंच अंतर कापायचंय, म्हणून सुटी अर्धी तिकिटंच स्वस्त पडतील, असं तुम्हीच ठरवून दिलंत. नांदेड-पनवेल गाडीनं पनवेलला उतरल्यापासून मालवणपर्यंत आम्ही एकदाही खासगी गाडी केली नाही.

आणि ते तिथीचं गणित! समुद्र कधी न पाहिलेल्या मुलीला तुम्ही लातुरातल्या ओट्यावर बसून भरती-ओहोटी शिकवलीत. तिथीला पाऊणनं गुणायचं, आलेला आकडा म्हणजे साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमारास, आणि ओहोटी तिच्या सहा तास आधी, सकाळी नऊला. आम्ही अलिबागला चतुर्थीलाच पोचू अशा बेतानं तुम्ही निघायचा दिवस ठरवलात. सकाळी साडेआठला किनाऱ्यावर उभ्या राहिलो तेव्हा कुलाबा किल्ल्याकडे जाणारी वाट ओल्या वाळूतून वर येत होती. कालवं चिकटलेले काळे खडक, मध्ये साचलेल्या पाण्यात पळणारे बोटभर खेकडे. चपला हातात घेऊन आम्ही चालत किल्ल्यात गेलो. होडीचे पैसे वाचले, हे झालंच. पण समुद्र कधी मागे सरणार हे आपल्याला आधीच ठाऊक होतं, याचा आनंद त्याहून मोठा होता. कागदावर लाल पेनानं अधोरेखित केलेलं वाक्यही पाळलं: 'ओहोटी लागली की पाण्यात उतरायचं नाही, पाणी आत ओढतं.' दर सुट्टीत किनाऱ्यावर बुडालेल्या पोरांच्या बातम्या येतात. ही एक ओळ त्यांना कुणी सांगितली असती तर, असं सारखं वाटतं.

हर्णैबद्दल तुम्ही फार काही सांगितलं नव्हतं. "जा, बघा," एवढंच. संध्याकाळी बंदरावर गेलो तर भर समुद्रात बैलगाडी उभी! बैलांच्या पोटाला पाणी लागलेलं, मचव्यावरून मासळीच्या टोपल्या गाडीत उतरत होत्या, आणि गाडीवान शेपटीला हात लावून आपल्याकडच्यासारखीच बैलांची समजूत काढत होता. मी शेतकऱ्याची मुलगी. बैल चिखलात रुतलेला पाहिलाय, लाटेत उभा राहिलेला कधी पाहिला नव्हता. वाळूवर लिलाव चालला होता, मागे सुवर्णदुर्ग. मैत्रीण निघायचं नाव घेईना.

त्या रात्री तुमच्या विद्यार्थ्याच्या घरी उतरलो. तुमचं नाव काढल्याबरोबर त्याची आई म्हणाली, "आमच्या गुरुजींच्या गावच्या ना गो तुम्ही? मग पैसे कसले घ्यायचे?" पण तुम्ही निघताना बजावलं होतं की ओळख राहण्यासाठी वापरायची, पैसे बुडवायला नाही, खोलीचे आणि जेवणाचे जे काय होतात ते हातावर ठेवूनच निघायचं. ते आम्ही सगळीकडे पाळलं, आणि कमी पैशांत फिरणाऱ्या प्रत्येकानं पाळावं असं माझं ठाम मत आहे. काकींनी तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली. आम्ही आईनं दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. धपाट्यांवर त्यांची लेक इतकी खूश झाली की उरलेले सगळे तिलाच देऊन आलो.

गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी याबद्दल भेटीत सांगेन. इथे एवढंच लिहिते की जागा सगळीकडे मिळाली, कारण सुट्टीच्या दिवसांत न जाता मधल्या वारी जा, हे तुमचंच म्हणणं.

मालवणला मात्र थांबायलाच हवं. १६६४ साली शिवरायांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही विहिरी गोड्या पाण्याच्या. मार्गदर्शक हे सांगून पुढे गेला, बाकीचे लोक त्याच्यामागे गेले. आम्ही दोघी दूधबावच्या काठावरच राहिलो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, तेव्हा मी शाळेत होते. टँकरच्या रांगेत कळशी धरून उभं राहणं हीच आमची उन्हाळ्याची सुट्टी होती. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी भर समुद्रात आधी पिण्याच्या पाण्याचा विचार केला, मग तट उभारला. गुरुजी, तिथे मला तुमची फार आठवण झाली. तुम्ही कागदावर त्या विहिरींच्या नावांपुढे फक्त 'इथे थांबा' असं लिहिलं होतं. आम्ही का थांबणार हे तुम्हाला माहीत होतं.

तुमच्या कागदाच्या झेरॉक्स आता वसतिगृहात फिरताहेत. त्यातल्या काही मुली रविवारी सकाळी तुमच्याकडे येतील, त्यांना तिथीचं गणित तुमच्याच तोंडून ऐकायचंय. एकीचे वडील अजून तयार नाहीत. जमलं तर त्यांच्याशीही बोलाल का?

आणि एक बातमी. हर्णैच्या काकींची ती लेक बारावीनंतर नीटच्या तयारीला लातूरला येणार आहे. क्लास, खोली, खानावळ यातलं त्यांना इथलं काहीच माहीत नाही. बाबांनी काल फोनवर त्यांना सांगितलं, "पोरगी आमच्या घरी राहील." ती जूनमध्ये येईल. क्लास कोणता लावायचा ते ठरवायला आम्ही सगळे तुमच्याकडे येऊ. काकूंना सांगून ठेवा.

आपल्या गल्लीतली,
तुमची लेक
लातूर