सिम्पसनच्या आधीचा निकाल
पूर्वपत्नी आणि तिच्या मित्राच्या खुनाच्या आरोपातून १९९५ मध्ये सुटलेला अमेरिकेचा कृष्णवर्णीय फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन, त्याचा विषय निघाला की ‘ज्युरीने रंग पाहून सोडला’ हे वाक्य ठरलेलेच. १२ पैकी ९ ज्युरर कृष्णवर्णीय होते, हेही आवर्जून सांगितले जाते. पण तीनच वर्षे आधी, १९९२ मध्ये, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला बदडणारे लॉस एंजेलिसचे पोलीस जवळपास सगळ्याच आरोपांतून सुटले, तेव्हाच्या ज्युरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. खटलाच मुळी शहराबाहेर, गोऱ्यांची वस्ती असलेल्या सिमी व्हॅलीत नेलेला. आणि त्या मारहाणीची तर चित्रफीत होती!

सिम्पसन निर्दोष होता, असे मी म्हणत नाही. १९९७ मध्ये दिवाणी खटल्यात तो जबाबदार ठरलाच. पण फौजदारी खटल्यात सिम्पसनच्या घराच्या आवारात रक्ताळलेला हातमोजा सापडल्याचे सांगणारा डिटेक्टिव्ह मार्क फुरमन शपथेवर म्हणाला, कृष्णवर्णीयांसाठीची ती शिवी दहा वर्षांत तोंडातून निघालेली नाही. मग ध्वनिफिती बाहेर आल्या. त्यात तीच शिवी, पुन्हा पुन्हा. पुढे खोट्या साक्षीबद्दल तो दोषीही ठरला. असा साक्षीदार सरकार पक्षाने उभा करायचा आणि खापर मात्र ज्युरीच्या डोक्यावर फोडायचे, हा कुठला न्याय?

– एक वाचक, ठाणे