पोळी सोडू नकोस

दादर, मुंबई

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी तुझ्यावर आवाज चढवला, त्याची रुखरुख अजून गेलेली नाही. मला गहू वर्ज्य झाला म्हणून तूही पंधरा दिवसांपासून पोळी सोडलीस, हे तू किती मायेने सांगितलेस आणि मी तुला रागावले! कारण तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

मला झालेला सिलिअॅक आजार, ज्यात गहू खाल्ल्याने आतड्याचे अस्तर झिजते, रक्ताच्या नात्यात आढळतो. रुग्णाच्या भावंडांपैकी आणि मुलांपैकी साधारण १० जणांत एकाला तो असू शकतो. तो ओळखण्यासाठीची रक्ताची टीटीजी तपासणी ज्या प्रतिपिंडांचा (अँटीबॉडीजचा) शोध घेते, ती गहू पोटात जात असतानाच सापडतात. गहू सोडला की ती हळूहळू कमी होतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून पुन्हा पोळी खायला लाग, आणि किती दिवस खाऊन तपासणीला जायचे ते डॉक्टरांना विचार.

तपासणी करून घे, असे मी तिसऱ्यांदा सांगते आहे, हे मला ठाऊक आहे. पण गणपतीत तू जिना चढताना मधल्या वळणावर कठडा धरून थांबलीस, ते मी दारातून पाहिले. प्रवासाचा शीण आहे, असे तू म्हणालीस. तू शाळेत असताना दादर स्टेशनच्या पुलावर मी अशीच थांबायचे, आणि तू पाठीवर दप्तर घेऊन दोन पायऱ्या वर माझी वाट पाहत उभी राहायचीस. तेव्हा मीही तुला असेच काहीतरी सांगायचे. माझे हिमोग्लोबिन ८ च्या वर जात नव्हते आणि मी वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेत होते. आतड्याचे अस्तरच झिजलेले असेल तर लोह शोषले जाणार कसे, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

आता तो पूल मी न थांबता चढते. गिरणीत गव्हावर दळलेले पीठ चालत नाही, म्हणून ज्वारी घरच्या चक्कीत दळते आणि भाकरी थापते. मेतकूट आणि भाजणीही गहू न घालता करते. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरे वाचून त्यात गव्हाचे पीठ असते हे तूच मला प्रथम दाखवलेस, आणि त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला. उकडीचे मोदक तांदळाचे, म्हणून यंदा पंगतीत सर्वांबरोबर बसता आले. मात्र संध्याकाळी शेजारून पोळ्या भाजल्याचा वास आला की अजूनही हात थबकतो. तुझ्या वाट्याला हे येऊ नये, असे वाटते. पण यायचेच असेल, तर माझ्यासारखे इतक्या उशिरा कळू नये.

पुन्हा व्याख्यान झाले. तू मोठी आहेस, तुझा निर्णय तू घेशील, एवढेच लिहायचे ठरवून बसले होते. ते साधले नाही, याबद्दल राग मानू नकोस.

शुक्रवारी निनाद तिकडे येतो आहे. त्याच्याबरोबर काकूने केलेल्या पुरणपोळ्या पाठवते. सगळ्या खा, आणि तपासणीची तारीख ठरली की मला कळव.

तुझी,
आई