वोद्निकचे वीस स्वयंगोल : अर्खांगेल्स्कच्या गव्हर्नरांना खुलं पत्र

कोल्हापूर, मार्च २०१७

प्रति,
ईगोर अनातोल्येविच ओर्लोव,
गव्हर्नर, अर्खांगेल्स्क प्रांत, रशिया

ईगोर अनातोल्येविच, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे मानाच्या माणसाला नावाला वडिलांचं नाव जोडून हाक मारतात. आमच्याकडे तसं बोलावत नाहीत, पण रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत वडिलांचं नाव मधे असतंच. म्हणून ही रीत मला पहिल्या दिवशीच पाठ झाली. बाकीची रशियन भाषा शिकायला दोन हिवाळे गेले. तीही अशी की ‘कुठं दुखतंय’, ‘कधीपासून दुखतंय’ एवढं मी सराईतपणे विचारतो, पण तक्रार करायची म्हटली की अडखळतो. म्हणून हे पत्र मराठीत. रशियन तर्जुमा वेगळा पाठवतोय.

आमच्या वाचकांसाठी एक खुलासा. आपल्याकडे राज्यपाल म्हणजे शपथविधी आणि अभिभाषण. रशियात प्रांताचा गव्हर्नर म्हणजे जवळजवळ मुख्यमंत्री. तिजोरीची किल्ली त्याच्याकडे. त्यामुळे पत्र योग्य दारात टाकतोय असं मला वाटतं.

निमित्त तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात पाय मुरगळलेला एक पोरगा आला. शिवाजी पेठेतला, फुटबॉलवाला. माझ्या खुर्चीमागं पिवळ्या-हिरव्या रंगाचा एक लोकरी मफलर टांगलेला असतो. कोल्हापूरच्या उन्हात त्याचा उपयोग शून्य. पेशंट विचारतात, ‘डॉक्टर, ही कुठली तालीम?’ (आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींच्या नावानं खेळतात.) मी सांगतो, ‘वोद्निक.’ या पोरानं काही विचारलं नाही. त्यानं मोबाइल पुढं धरला आणि म्हणाला, ‘डॉक्टर, ही तुमचीच तालीम न्हवं?’

त्यात २६ फेब्रुवारीचा बँडीचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचा, सामना होता. अर्खांगेल्स्कचा वोद्निक विरुद्ध इर्कुत्स्कचा बायकाल-एनर्गिया. पुढच्या फेरीत तगडा प्रतिस्पर्धी वाट्याला येऊ नये म्हणून दोघांनाही हरायचं होतं. मग आपापल्या जाळ्यात गोल मारणं सुरू झालं. निकाल ११-९, गोल वीस, आणि वीसच्या वीस स्वयंगोल. अकरा आमच्या, म्हणजे तुमच्या, खेळाडूंनी स्वतःवर मारले आणि हवा असलेला पराभव पदरात पाडून घेतला. रशियाच्या बँडी महासंघानं निकाल रद्द केला, सामना पुन्हा खेळायला लावला, दोन्ही प्रशिक्षकांवर बंदी घातली. जगभरच्या ज्या वर्तमानपत्रांनी बँडी हा शब्द कधी छापला नव्हता त्यांनी तो हसत हसत छापला.

पोरगा हसत होता. मी पट्टी जरा जास्तच घट्ट बांधली असावी.

पुढचा परिच्छेद कोल्हापूरकरांसाठी. तुम्ही गाळलात तरी चालेल. बँडी म्हणजे बर्फावर, पायात स्केट घालून खेळायची हॉकी. पण टीव्हीवर दिसते ती काचेच्या पिंजऱ्यातली धक्काबुक्कीची आइस हॉकी नव्हे. मैदान फुटबॉलएवढं, खेळाडू अकरा-अकरा, पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव. चकती नाही, लिंबापेक्षा थोडा मोठा भडक रंगाचा चेंडू. गोलरक्षकाच्या हातात काठीच नसते, तो हातापायांनी अडवतो. कॉर्नरचा फटका तर आपल्या हॉकीतल्या शॉर्ट कॉर्नरचा सख्खा भाऊ: बचाव करणारे गोलरेषेमागं उभे, हल्ला करणारे बाहेर टपून, चेंडू सुटला की दोन्ही बाजू एकमेकांवर धावतात. रशियन लोक याला ‘रुस्की हॉकी’ म्हणतात, दुसरीला ‘कॅनडावाली’. आपलंही थोडं नातं आहे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये हॉकीचं सुवर्ण भारतानं जिंकलं तेव्हा कांस्यपदक सोव्हिएत संघाला मिळालं होतं, आणि त्या संघातले बरेचजण मूळचे बर्फावरचे बँडीवाले होते. बँडी स्वतः मात्र आजवर हिवाळी ऑलिंपिकच्या दारातच उभी आहे. १९५२ साली ऑस्लोला एकदा प्रदर्शनापुरतं आत घेतलं, तेवढंच.

मी तुमच्या शहरात २००६ च्या सप्टेंबरात आलो, वैद्यकीय विद्यापीठात शिकायला. आम्ही भारतीय पोरं बरीच होतो. डिसेंबरात सकाळी दहानंतर उजाडायचं आणि अडीचला दिवस संपायचा. वसतिगृहाच्या दारात दिझूर्नाया बसायची, म्हणजे पहारेकरीण. साठी ओलांडलेली, कानाला जरा कमी ऐकू येणारी. आम्ही मराठी पोरं तिला आपसात ‘आजी’ म्हणायचो. पुढं तीही या शब्दाला ओ द्यायला लागली. तिचा नवरा द्विना नदीवर टगबोटीवर मेकॅनिक होता. नोव्हेंबरात नदी गोठते ती एप्रिलच्या अखेरीस फुटते. मधले महिने बोटी ठप्प. ‘नदी थांबली की माणसं त्रूदवर,’ असं ती सांगायची. त्रूद म्हणजे तुमचं स्टेडियम, उघडं, डोक्यावर छप्पर नसलेलं. वोद्निक म्हणजे जलवाहतुकीत काम करणारा. बोटवाल्यांचा हा संघ १९२५ साली उभा राहिला. मला हे नाव पहिल्यापासून आवडलं. कुठल्या वाघाचं, गरुडाचं नाव नाही; कामाचं नाव.

पहिल्या सामन्याला तीच मला घेऊन गेली. उणे वीस तापमान. पायात तिच्या नवऱ्याचे नमद्याचे बूट, दोन मापं मोठे. थर्मासमध्ये चहा, आणि कागदात गुंडाळलेली एक कोझुली, म्हणजे तुमच्याकडची हरणाच्या आकाराची मसालेदार बिस्किटं. पहिली पंधरा मिनिटं मला चेंडूच दिसला नाही. मग तिनं माझी हनुवटी धरून मान वळवली आणि म्हणाली, चेंडू बघू नकोस, माणसं कुठं धावतात ते बघ. पुढं एक्स-रे वाचायला शिकताना मला हे वाक्य उपयोगी पडलं, पण ते असो.

ती मला सामन्यात जे घडत होतं ते कमीच सांगायची. सांगायची ते आधीचं. १९९६, ९७, ९८, ९९, २०००: सलग पाच वर्षं रशियाचं अजिंक्यपद. २००१ ला क्रास्नोयार्स्कच्या येनिसेईनं मधे पाय घातला. मग पुन्हा २००२ ते २००५, सलग चार. दहा वर्षांत नऊ. तालमीतले जुने वस्ताद आखाड्यातल्या जोड्या सांगतात तशी ती ही सालं एका दमात म्हणायची. प्रशिक्षक व्लादिमीर यान्को. खेळाडूंत त्युकाविन, गपानोविच, आणि इवानुश्किन, ज्याच्या वेगाबद्दल बोलताना ती बसल्या जागी खांदे पुढं काढायची.

ते दिवस शहरासाठी चांगले नव्हते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पगार महिनोन्महिने थकायचे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये रुबल कोसळला, आजीची साठवण काही आठवड्यांत निम्म्याहून खाली गेली. आणि त्याच हिवाळ्यात, १९९९ मध्ये, बँडीची जागतिक स्पर्धा तुमच्या त्रूदवर झाली, रशिया जिंकला. २००३ ला स्पर्धा पुन्हा अर्खांगेल्स्कला आली. तेव्हा स्वीडननं बाजी मारली, त्याबद्दल आजी बोलायची नाही. मी एकदा विचारलं, खायला पैसे नव्हते तर तिकिटाला कुठून यायचे? तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं आमच्या पेठेतल्या माणसाला तुम्ही विचाराल की पोटाला चिमटा काढून फुटबॉलच्या स्पर्धा कशाला भरवता. कोल्हापुरात याला नाद म्हणतात. त्याचं रशियन मला अजून सापडलेलं नाही.

मग २००५. नववं विजेतेपद मिळालं आणि पैसा आटला. यान्को मॉस्कोच्या डायनॅमोकडे गेले, मागोमाग मुख्य खेळाडू. २००६ पासून सलग पाच वर्षं अजिंक्यपद डायनॅमोचं. म्हणजे मी आलो तेव्हा घर तसंच होतं, माणसं गेलेली. आजीला वाटलं होतं मी खेळाडूंना शिव्या देईन. मी दिल्याही. ती म्हणाली, ‘त्यांना बोलू नकोस. पगार नसेल तर तू तरी त्या दवाखान्यात थांबशील का?’ मला उत्तर देता आलं नाही. आजही कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर का टिकत नाहीत यावर कुणी तावातावानं बोलायला लागलं की मला ती आठवते.

डायनॅमो त्रूदवर खेळायला यायचा तो सामना वेगळाच असायचा. जुन्या खेळाडूंची नावं पुकारली की अर्धं स्टेडियम टाळ्या वाजवायचं, अर्धं गप्प. आजी हातमोजे घालून टाळ्या वाजवायची. आवाज होऊ नये म्हणून की थंडीमुळं, ते कळायचं नाही.

मी २०१२ ला शिक्षण संपवून परत आलो. निघताना तिनं तो मफलर दिला.

आता मुद्द्यावर येतो. त्या वीस गोलांची मी वकिली करत नाही. आमच्या शाहू स्टेडियमवर असा प्रकार झाला असता तर प्रेक्षकांनी कुंपण ओलांडलं असतं. इथं पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की मधे पोलीस उभे करावे लागतात; आम्ही त्याला ईर्षा म्हणतो, आणि तिचा अतिरेक मला पसंत नाही. पण ईर्षा असलेला संघ स्वतःच्या जाळ्यात गोल मारत नाही. मारूच शकत नाही, पाय वळत नाहीत. तो व्हिडिओ मी तीनदा बघितला, गोलांपेक्षा पायांकडं. कुणी घाईत नव्हतं, कुणी लाजत नव्हतं. हिशेबनीस बेरीज करतो तसं चाललं होतं.

बंदी प्रशिक्षकांवर आली, ठीकच. पण हा हिशेब एका दुपारी शिकलेला नाही. एकदा एखाद्या गावाला कळलं की विजेतेपद म्हणजे वरून येणारा पैसा आहे, तो आहे तोवर आपण राजे आणि तो आटला की आपण दुसऱ्याला खेळाडू पुरवणारी नर्सरी, की मग तिथला संघ जिंकण्याऐवजी तगण्याचा विचार करायला लागतो. तगणारा माणूस वाट काढतो. गेल्या महिन्यात वोद्निकनं वाट काढली. वाट वाईट होती, पण ती दाखवणारी बोटं बारा वर्षं मागची आहेत. त्यात तुमचं बोट नाही, तुम्ही २०१२ ला आलात, हेही मला माहीत आहे.

म्हणून मला तुमच्याकडं दहावं अजिंक्यपद मागायचं नाही. ते विकत घेता येतं, आणि विकत घेतलेलं मॉस्कोला परतही जातं. छप्पर असलेलं झगमगीत स्टेडियमही मागत नाही. खबारोव्स्कला झालं, उल्यानोव्स्कला झालं, आणि आता अर्खांगेल्स्कलाही मागणी होईल. झालं तर उत्तम. आजीच्या गुडघ्यांना बरं. पण ते आधी नको.

आधी एवढं करा. संघातल्या पोरांना पुढच्या हिवाळ्याचा पगार कुठून येणार हे उन्हाळ्यात, द्विनेवर बोटी चालू असतानाच कळू द्या. एका मोसमापुरतं नाही, चार-पाच मोसमांसाठी, लेखी, गव्हर्नर बदलला तरी न बदलणारं. क्लबचा जमाखर्च वर्षातून एकदा स्थानिक पेपरात छापा. आमच्या तालमींचे हिशेब गणपतीनंतर फळ्यावर लागतात, त्यावर भांडणं होतात, पण तालीम कुणाची हे त्या फळ्यावरून ठरतं. आणि सोलोंबाला, फाक्तोरिया या तुमच्या शहरातल्या वस्त्यांच्या अंगणांमध्ये बर्फाची मैदानं करायला पाण्याचे टँकर पाठवा. मी होतो तेव्हा सोलोंबालात दोन इमारतींच्या मधे एक बर्फाचं मैदान होतं. रात्री कुणीतरी घरच्या नळीनं पाणी मारून जायचं, सकाळी पोरं काठ्या घेऊन हजर. तुमच्या अंदाजपत्रकात हा खर्च शोधायला भिंग लागेल.

शेवटची एक मागणी, ती लहान आहे. पुढच्या मोसमात घरचा पहिला सामना असेल त्या दिवशी त्रूदचे दरवाजे शाळेच्या पोरांना फुकट उघडा, आणि सामना सुरू होण्यापूर्वी खेळाडूंना त्यांच्यासमोर उभं करा. भाषण नको. नुसतं उभं राहू दे, दोन मिनिटं. पोरांनी व्हिडिओ बघितलेला असणारच. त्यांना काय विचारायचं ते विचारू दे.

आजी अजून आहे. गुडघे गेलेत, स्टेडियमला जात नाही, रेडिओ ऐकते. सामना झाला त्या रविवारी रात्री मी फोन केला तेव्हा तिनं मला वीसचा आकडा सांगितला नाही. इकडं बर्फ पडतोय, तिकडं काय, एवढंच बोलली. मी म्हटलं, इकडं छत्तीस अंश. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही आणि रशियन मोबाइलचे पैसे जात राहिले.

वरच्या मागण्यांपैकी जे जमेल त्याचं उत्तर मला न देता तिला दिलंत तरी चालेल. पत्ता तर्जुम्यासोबतच्या बंद पाकिटात आहे. जोरात बोलायला सांगा, डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

तुमच्या शहरात सहा हिवाळे काढलेला,
कोल्हापूरचा एक डॉक्टर